रूपराव खर्रा खात नाही

आर्वी, नोव्हेंबर २००३

तीर्थस्वरूप अन्नपूर्णाताईस,

वासुदेवचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचे बीपी आपापल्या जागी असतील अशी आशा. इकडे सर्व ठीक (म्हणजे पत्रात लिहिण्याइतके ठीक). उत्तराला उशीर झाला, कारण "रूपरावचे तोंड थांबले का?" असे तू विचारलेस, आणि ते एका ओळीत सांगता येत नाही.

आपल्या या धाकट्या भावाच्या डोक्यातले आवाज गोळ्यांनी बंद झाले, तो दुकानात बसू लागला, आपण नवस फेडले. पुढे वर्षानुवर्षे घेतलेल्या त्याच गोळ्यांनी त्याचे तोंड स्वतःच्या मर्जीने चालू लागले. ओठ मुडपतात, जबडा चघळतो, जीभ मध्येच बाहेर डोकावते. आपल्या गावात तोंड हलले की माणूस तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो असेच धरतात. रूपरावने जन्मात सुपारी खाल्ली नाही, पण मागे कीर्तनाला बसला तर आनंदाबाई (भजनी मंडळाच्या, फार कडक) म्हणाल्या, "रूपराव, आधी थुकून ये बरं!" हा मुकाट्याने बाहेर गेला, नुसताच उभा राहिला आणि परत येऊन बसला. मी विचारले, "काऊन गेला बे? सांगायचं ना." तर म्हणतो, "त्याईले बरं वाटलं ना भाऊ. डोस्क्यातले आवाज गेले, आता तोंड एकटंच चालून राह्यलं. चालू दे." मी हसलो खरा, पण त्याच आठवड्यात त्याला घेऊन वर्ध्याची एसटी धरली.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी मुख्य गोळी हळूहळू बदलायला घेतली, आपल्या मनाने काही बंद करायचे नाही अशी तंबी दिली, आणि सोबत व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल लिहून दिल्या. "हे अँटिऑक्सिडंट आहे. कदाचित आणखी बिघडणार नाही, पण भरवसा देत नाही," म्हणाले. त्यातला 'भरवसा देत नाही' एवढा भाग येताना एसटीत सांडला. घरी फक्त अँटिऑक्सिडंट पोचले. तुझ्या भावजयीने कुठल्याशा पुरवणीत वाचले की ते बीट, गाजर, आवळ्यातही असते. मग काय, रूपरावच्या पोटात भाजीबाजारच भरला. बीटाच्या रसाने जीभ लालभडक झाली, तीच गिऱ्हाइकांपुढे डोकावू लागली, आणि गावात बातमी गेली की रूपराव खर्रा सोडून पानावर आला. इकडे कॅप्सूल भराभर संपू लागल्या. चौकशीअंती कळले की आमची लेक रक्षा त्या सुईने टोचून आतले तेल गालांना लावते. मी ओरडलो तर हाच आडवा आला, "लावू दे ना भाऊ, कोणाले तरी गुण येऊन राह्यला."

खरे सांगू का ताई, जबडा थोडा निवला आहे. नव्या गोळीने की कॅप्सूलने, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. जीभ अजून चालते. वाईट एवढेच वाटते, तो आजारी होता तेव्हा लोक घाबरून का होईना त्याला वाट देत; आता शहाणा झाला तर तोंडावर हसतात.

भाऊजींना नमस्कार.

तुझा वासुदेव

ता. क. तुझ्या सुरभीच्या लग्नाला "मामा म्हणून तू एकटाच ये, व्याही नवे आहेत, रूपरावला घरी ठेव" असे तू लिहिलेस. तुझी भीती मला कळते. पण पत्र त्यानेही वाचले. तोंडाला रुमाल धरून मागच्या खुर्चीत बसीन, म्हणाला. मी रुमाल घेऊ देणार नाही. अंतरपाटाच्या वेळी सुरभीच्या मागे त्याला उभे राहू दे, एवढ्याचसाठी हे सारे लिहिले.

ता. ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता दुकानाच्या फोनवर सुरभी आली. म्हणाली, "मोठे मामा, रूपमामाच्या बिमारीचं मी सासरी सारं सांगतलं. सासरे म्हणे, त्यात काय लपवाचं, येऊ द्या." तेव्हा नवरीची हरकत नाही, व्याह्यांची नाही. रूपराव शिंप्याकडे माप द्यायला गेला आहे. आता राहिलीस फक्त तू.