लाल पेन्सिलीतला ‘किंवा’

प्रिय टाचणी,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकलीस ना? अकरा वर्षांत मी तुझं साधं अभिनंदनही केलं नाही. विसरले नव्हते गं, जळत होते. लिहूनच टाकलं एकदाचं, म्हणजे पुढे हात अडखळायला नको.

तुझा निकाल आला त्या सकाळी मी डबे पुसत होते. पेपरात पहिल्याच पानावर काळ्या कोटातली तू! घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सुनेला असं हुसकावता येणार नाही, जुना निकाल मोडीत निघाला, आता खालच्या सगळ्या कोर्टांवर हे बंधनकारक, वगैरे वगैरे. सासूबाई म्हणाल्या, ही तुझीच मैत्रीण ना, काय नाव काढलं पोरीनं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोच पेपर फडताळात अंथरला आणि नेमकी तुझ्या तोंडावर मिठाची बरणी ठेवली. अजून तिथेच आहेस.

पण मला सांग, तो ‘किंवा’ कुणाचा? सरांच्या वकिलीच्या ऑफिसात एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसायचो आपण. तू कागद टाचत, मी खुणा करत. सासऱ्याने घराबाहेर काढलेल्या त्या शिवणकामवाल्या बाईची केस आली तेव्हा जो तो एकच घोकत होता, घर कुणाच्या नावावर, घर कुणाच्या नावावर. कायद्यात ‘राहते किंवा कधीही राहिली आहे’ असं आहे, त्यातल्या ‘किंवा’भोवती लाल गोल मी काढला. बाई आज घराबाहेर असली तरी बिघडत नाही, हे मी म्हटलं होतं. आठवड्याने माझं लग्न झालं, वकिली सुटली, केस तुझ्याकडे राहिली. आणि निकालात काय छापून आलं? ‘विद्वान वकिलांनी एका शब्दाकडे लक्ष वेधले.’ विद्वान म्हणे! आयत्या बिळावरचा नागोबा, असं मनातल्या मनात किती वेळा म्हटलंय तुला.

गोल काढायला अर्धं मिनिट लागतं. तू त्या शब्दासाठी आठ वर्षं झगडलीस, दोनदा हरलीस. कळत होतं मला, पण वळत नव्हतं.

आता माझी बातमी. गेल्या महिन्यात थोरल्या बहिणीचं ऑपरेशन झालं, म्हणून आठ दिवस तिच्याकडे आले. परत गेले तर दाराला नवं कुलूप. सासूबाई असत्या तर असं होऊ दिलं नसतं. सासरे खिडकीतूनच म्हणाले, घर माझं आहे, तू इथे राहत नाहीस. नवरा वर्षापूर्वीच वेगळा राहायला गेलाय, तो फोन उचलत नाही. एकोणीस वर्षांचा संसार आत आणि मी आठ दिवसांच्या कपड्यांनिशी बाहेर.

बहिणीच्या शेजारी एक वकील राहतात. त्यांनी तासभर मला माझाच ‘किंवा’ शिकवला, वर तुझं तोंडभर कौतुक! मी आपली चहा पीत हो हो करत होते. पण जाताना ते म्हणाले, निकाल आहे म्हणून दार आपोआप उघडत नाही, प्रत्येक घराची हकीकत कोर्ट वेगळी तपासतं. मी स्वतःच कोर्टात अर्ज टाकलाय, त्यावर सासऱ्यांनी तर लेखीच दिलंय, सून कधीमधी पाहुणी म्हणून यायची. ते खोडून काढायला कुणीतरी उभं राहायला हवं.

उभं राहणं मला कधी जमलंच नाही, टाचणी. मला फक्त गोल काढता येतो. सोबत वकीलपत्र पाठवतेय. माझी सही केली आहे, वकिलाच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे. तिथे तुझं नाव लिहायला हात धजेना, एवढी जळजळ अजून उरली आहे. ते तू लिही. सुनावणी अठरा तारखेला आहे. दार उघडलं की आधी ती बरणी उचलते.

मैत्रीण किंवा अशील, काय समजायचं ते समज, पण
तुझीच,
लाल पेन्सिल