ट्रॅक्टरच्या रंगाचा देव

ती. तोताराम नानांना नवलचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा जळगावच्या थंडीत ऐकतो की हट्ट धरतो, ते कळवा. काकूंना सांगा, लोणचं पोचलं. बरणी नाही पोचली, त्यामुळे ते पिशवी आणि शर्ट दोन्हींत वाटून आलं.

मी सध्या साक्रीकडच्या डोंगरात आहे. दोंडाईच्याचं ट्रॅक्टर-गॅरेजचं काम सुटलं (मी सोडलं की त्यांनी, हा मोठा विषय आहे, भेटीत बोलू). इथे सारिका मॅडम आल्यात, जिवंत ज्वालामुखींचा अभ्यास करतात. त्यांचं सामान मी वाहतो. मीही विचारलं, साक्रीत कुठला ज्वालामुखी? तर म्हणाल्या, जिवंताच्या घशात डोकावता येत नाही, इथे मेलेल्याचा घसा उघडा पडलाय. डोंगरातून भिंतीसारखा सरळ गेलेला काळा दगड ही लाव्हा वर यायची वाट. तो किती झपाट्याने चढला ते दगडातल्या कणांवरून कळतं, आणि त्यावरून जिवंत डोंगराखालच्या गावांना पळायला किती वेळ मिळेल, याचा अंदाज बांधता येतो.

पुढे मॅडम अंदमानच्या समुद्रात जिवंत ज्वालामुखीजवळ जहाजाने जाणार, सोबत एक माणूस नेणार. तो मी व्हावं असं फार मनात होतं, तेवढ्यात मी घोळ घातला. फोडायच्या जागांवर खडूने खुणा कर म्हणाल्या. खडू दवाने पुसला जाईल म्हणून मी ट्रॅक्टरचा उरलेला शेंदरी रंग फासला. दुसऱ्या दिवशी बाजार, त्या वाटेने माणसांची रीघ. दुपारी हातोडा घेऊन गेलो तर दगडापुढे नारळ, फुलं, उदबत्ती. अंदमान तिथेच बुडालं असं मला वाटलं.

रंग ट्रॅक्टरचा आहे, असं मी सगळ्यांना खरं सांगितलं. पहिला नारळ फोडणारी पाड्यावरची नानीबाई म्हणाली, रंग ट्रॅक्टरचा असेल, नारळ तर माझा होता. (याला उत्तर असेल तर कळवा.) मग मी त्या गावांचं, पळायच्या वेळाचं सगळं सांगितलं. तिने मॅडमकडे पाहिलं.

"या दगडघाई कोना लेकरं वाचतीन का?"

मॅडम म्हणाल्या, या दगडामुळे लेकरं वाचतीलच अशी खात्री नाही देत, पण खटपट त्याचसाठी आहे.

"मंग ली जा. देव काय कंजूस शे?"

मॅडमनी आधी हात जोडले, मग हातोडा मारला. उतरताना मला विचारलं, तुला बोट लागते का? मी नाही म्हणालो. (बोट पाहिलेली नाही.)

तुमचा,
नवल

ता. क. अंदमानचं आईला कळवलं, तर तिने 'नानांना विचारते' म्हटलंय, म्हणजे तुम्ही नाही म्हणाल अशी तिला आशा आहे. तिच्या फोनआधी पोचावं म्हणून पत्र जळगावला निघालेल्या भूषणच्या हाती देतोय. कृपा करून हो म्हणा.

ता. क. २ मी परत येईन का, हे ती विचारेलच. सांगा, येणार. तपासून झालं की तो तुकडा मीच परत आणून ठेवायचा, अशी नानीबाईची अट आहे, आणि मी शब्द दिलाय. आता मॅडम म्हणतात, तपासताना दगडाचं पीठ होतं. पुडी बांधून आणीन, पण पिठाचं आईला आणि नानीबाईला, दोघींनाही सांगू नका.