कारमोरचा किल्ला आणि मायची कॅसेट

३ ऑगस्ट १९८६, रविवार, दुपारी २
बाबुशने बहरीनहून कॉम्प्युटर पाठवला. चपटा, रबराच्या बटणांचा, टीव्हीला जोडायचा. चिठ्ठीत लिहितो, तीन महिन्यांत शीक, इथे ऑफिसात लावतो. म्हणजे तिसाव्या वर्षी का होईना, मी मार्गी लागणार. धाकट्या भावाने लावली म्हणून नोकरी काही हलकी होत नाही. सोबत दोन जाड पुस्तकं आणि 'कारमोर' नावाच्या गेमची कॅसेट. आधी गेमवर हात बसवतो, मग पुस्तकं. पंधरा दिवसांत गेम उरकेल.
ठराव : रोज सकाळी दोन तास पुस्तक.

५ ऑगस्ट
गेम टेपरेकॉर्डरवरून कॉम्प्युटरात भरावा लागतो. वीस मिनिटं नुसतं किर्र किर्र. माय स्वयंपाकघरातून म्हणाली, "भायर मांजरा झगडतत काय रे?"
गेममध्ये चार प्रवासी. नावं आपण द्यायची. योद्धा पेद्रू (मी). चोर बाबुश. जादूगार अँजेलिना, कारण आमची ही मोठी बहीण शाळेत नुसती बघते आणि वर्ग गप्प होतो. वैद्याला मायचं नाव दिलं, आपोलिना. कारमोरच्या किल्ल्यात पोचून राजाला सोडवायचं, एवढंच काम.

७ ऑगस्ट
एवढंच नव्हे. आज पाऊण तास जंगलातून चाललो. झाडं, झाडं, झाडं. शेवटी एक म्हातारा भेटला. म्हणाला, उत्तरेला जा. मी उत्तरेकडूनच आलो होतो.
जिथवर पोचलो ते कोऱ्या कॅसेटवर टेप करून ठेवावं लागतं, तीन मिनिटं. नाहीतर लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आज दोनदा गेली.
पुस्तक : उद्यापासून.

१९ ऑगस्ट
पंधरा दिवस झाले. अंदाज चुकला, पण गेमवाल्यांचा. हा देश मालवण तालुक्याहून मोठा आहे. भिंतीवर नकाशाचे तेरा कागद चिकटवलेत. अँजेलिना म्हणते ते आलेखाचे कागद तिच्या शाळेचे आहेत. विद्येसाठीच वापरले ना?
पुस्तकाचं पान चौथं. इंग्रजी फार अवघड. गेमही इंग्रजीतच आहे, पण तो कळतो.

२७ ऑगस्ट
मायला चालताना दम लागतो. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. माय म्हणते, "माका बाबुशाक दोन शब्द सांगूचे आसत. टेप कर."
आमच्याकडे बाबुशला पत्र जात नाही, कॅसेट जाते. माय वाचत नाही, तिला आवाजच लागतो. पण घरात टेपरेकॉर्डर एक आणि तो कॉम्प्युटरला जोडलेला. वायरी एकदा काढल्या की पुन्हा धड लागत नाहीत. किल्ल्याचा तिसरा दरवाजा झाला की करतो म्हटलं. अँजेलिना म्हणाली, पत्र तरी लिही. तर माय म्हणाली, "कागदात माझो आवाज खंय आसा?"
तेव्हा थांबणंच बरं. तिचीच इच्छा.

१० सप्टेंबर
लोक म्हणतील खेळ. पत्ते हा खेळ. इथे भाकऱ्या घ्यायला विसरलं तर माणसं भुकेने मरतात. लढाई म्हणजे एक घाव आपण घालायचा, एक त्यांनी, मध्ये शांतपणे वाट बघायची. एका दलदलीतल्या बेडकाशी चाळीस मिनिटं लढलो. तो मेल्यावर काय मिळालं? एक मेणबत्ती. तरी उठवत नाही. पुढच्या वळणावर काहीतरी असेल असं वाटत राहतं. इतकं मला मालवणात कधी वाटलं नाही.

१४ सप्टेंबर
आपोलिना मेली. दलदलीतलं विष. वैद्याला स्वतःला औषध देता येत नाही, हा कसला नियम! मन लागेना, जेवलो नाही. दुपारी माय स्वतः पेज घेऊन आली. तीन पायऱ्या चढली आणि धापा टाकत खुर्चीवर बसली. "काय झाला रे बाबा?" मी सांगितलं नाही. आधीच तिची तब्येत बरी नसते.
गेमच्या पुस्तिकेत सापडलं : मेलेल्याला उचलून नेता येतं. पूर्वेच्या देवळात जिवंत करतात. आता तिसरा दरवाजा नंतर, आधी देऊळ.

५ ऑक्टोबर, रविवार
चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर अँजेलिनाने वायरी स्वतःच ओढून काढल्या. बाबुशच्या कंपनीतला कुडाळचा शंकर सुट्टी संपवून बुधवारी निघतोय, त्याच्याकडे कॅसेट द्यायची आहे.
मायने केस विंचरले, सणावाराची फेस्ताची साडी नेसली. मी म्हटलं, यात फोटो येत नाही. म्हणाली, "ठावक आसा माका." तीनेक मिनिटं बोलली, मध्ये मध्ये खोकत. नाताळाआधी एकदा येऊन जा, असं काहीतरी. मी नकाशा बघत होतो. कॅसेटच्या मागचं प्लास्टिक मोडून टाक, म्हणजे वर चुकून टेप व्हायचं नाही, असं अँजेलिनाने बजावलं. मोडतो.

७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
देऊळ सापडलं!! आपोलिना जिवंत! जीव अठ्ठेचाळीस, पहिल्यापेक्षा जास्त. तेवढ्यात लाइट लुकलुकायला लागली. ताबडतोब टेप करायला हवं. माझ्या एका कॅसेटची फीत गुंतलेली, दुसरी भरलेली. हाताशी मायची होती. तिची दुसरी बाजू कोरीच. उलटी केली आणि टेप केलं. तीन मिनिटं पुरी झाली आणि लाइट गेली. याला म्हणतात प्रसंगावधान.
उलटी केली, नक्की केली.

८ ऑक्टोबर
सकाळी एसटी स्टँडवर शंकरला कॅसेट दिली. घरी आल्यावर लक्षात आलं, माझी आपोलिना बहरीनला गेली! दोन महिन्यांची मेहनत. लगेच बाबुशला पत्र टाकलं : मायचं ऐकून झालं की कॅसेट परत पाठव, मागची बाजू पुसू नको. माय म्हणाली, भावाची किती आठवण काढतोस!

२ नोव्हेंबर
बाबुशचं काही नाही. माय ओट्यावर बसून येणाऱ्या एसटीचा आवाज ऐकते. "बाबुशान आयकल्यान आसतला मां?" ऐकलं असणार, रजा मिळत नसेल, असं सांगितलं. तिला बरं वाटलं.
दुसरी कॅसेट टेप करून पाठवावी, असं अँजेलिना म्हणते. पहिली पोचली असताना दुसरी कशाला? मागच्या एका जुन्या टेपवरून दलदल पुन्हा पार करतोय.

१९ नोव्हेंबर
माय सकाळी सहाला गेली. बाबुशला तार केली.

२३ नोव्हेंबर
बाबुश काल पोचला. माती त्याच्या दोन दिवस आधीच दिली होती. थेट सिमितेरीत मायच्या थडग्याकडे जाऊन आला, मग ओट्यावर बसला. कॅसेट बॅगेतून काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "नुसता किर्र किर्र रे. मित्रांच्या तीन मशिनींर दोन-दोन मिनिटां लावन बघलंय. मागली बाजू कोरी. दुसरी येतली म्हणान वाट बघीत रवलंय."
अँजेलिनाने माझ्याकडे बघितलं. टेप खराब असणार, मी म्हटलं. बाबुश म्हणाला, "आसतली." मग विचारलं, कॉम्प्युटर किती शिकलंस? बरंच, म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार, दुपारी ३
बाबुश सकाळच्या गाडीने गेला. कॅसेट टीव्हीवरच होती. लावली. पहिल्या फटक्यात भरली, एक चूक नाही. आपोलिना, जीव अठ्ठेचाळीस. आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.
टेप बंद करायची राहिली. वायर काढली तसा मायचा आवाज आला. "...जमला नाय तर रवांदे. आणि पेद्रूक रागाव नको. दिसभर शिकता बिचारो, जेवणाची सूद नाय तेका." मग खोकला. मग काही नाही. वीस सेकंदं असतील. पुढे कोरी.
अँजेलिना ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "परत लाव." तीनदा लावलं. मग तिने विचारलं, "हेच्या आदी काय व्हता?"
मी खरं सांगितलं. रडू आलं, ते तिच्यासमोरच. तिने केसातली पिन काढली, कॅसेटच्या मागचं प्लास्टिक मोडलं आणि कॅसेट आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.
आपोलिना टीव्हीवर तशीच उभी होती. पाचला लाइट गेली.

४ डिसेंबर, दुपारी १
भिंतीवरचे नकाशे काढले. पुस्तकं टेबलावर मांडली. उद्यापासून सकाळी दोन तास, नक्की. आज फक्त गेम पहिल्यापासून लावून बघतो, नाताळापर्यंतच.
योद्धा पेद्रू. चोर बाबुश. जादूगार अँजेलिना.

सव्वापाच
वैद्याचं नाव विचारतोय. मी अजून तिथेच आहे.