आधी डोळे

रविवार, ४ ऑगस्ट १९९६. जोहे.

संध्याकाळी ती परग्रहावरची मालिका लागली. आजचा भाग स्वतंत्रच होता, मागचं काही आठवावं लागलं नाही. एक शास्त्रज्ञ यंत्राची मुलगी घडवतो, पण तिला डोळे आधी बसवतो. मग हातपाय जोडताना ती सगळं बघत राहते. शेवटी तो तिला मोडायला निघतो, तेव्हाही बघतच राहते.

सासूबाई म्हणाल्या, "आधी डोळे केलेन, तिथंच चुकला मेला. आपण डोळे शेवटाला करतो ते काय उगाच?" मला हसू आलं. आमच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी त्यांच्याशिवाय कुणी करत नाही.

मग त्या मुलीचे रडणारे डोळे पडदाभर दिसले. अगदी टीव्हीपुढे बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "रडते काय गो ती?"

मी नुसतं "व्हय" म्हटलं. म्हणजे यंदा आखणी लांबतेय ती त्या सांगतात तसं 'हवा ओली हाय' म्हणून नाहीच? त्या उशिरावरून ह्यांनी सकाळीच त्यांच्यावर केवढा आवाज चढवला! मी तरी एवढे दिवस काय बघत होते?

मालिका संपल्यावर कारखान्यात गेले. बिनडोळ्यांचे गणपती ओळीने बसलेले. सासूबाई मागून आल्या आणि त्यांनी आपला बारीक ब्रश माझ्या हातात दिला.

"तू आख. मी समोर बसते. देव माज्याकडं बघतोय काय, तेवढं सांग."