आईची खोली

ताईस धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबा औषध घेतात ना?

इंग्रजी लेखनाच्या वर्गाचे धडे संगणकावर येतात. निबंध लिहिताना काय जाणवलं, तेही शेवटी लिहायचं असतं. यावेळी मी आईचा शेवटचा दिवस लिहिला, जवळ बसल्यासारखा. मी तिथे नव्हते हे बाईंना ठाऊक नाही. त्यांचा शेरा आला, "छान. पण खोली दिसत नाही. आई काय म्हणाली?"

माझ्याच वर्गात शिकणारा एक टॅक्सीवाला म्हणाला, "अगं, दे ठोकून काहीतरी!" मला जमेना. काय जाणवलं, ती जागाही कोरीच ठेवलीय.

ताई, तू उशाशी होतीस. खिडकी उघडी होती का? तिने माझ्याबद्दल विचारलं का? नसेल विचारलं, तरी तसंच कळव.

तुझी,
धाकटी