पाट्याखालची चीर

ज्याच्यापासून काहीच लपत नाही त्या अल्लाहचं नाव घेऊन, मी सत्ताम बिन उवैद, मआनमध्ये ज्याला सगळे अबू मिशअल म्हणतात, वय वर्षे एकाहत्तर, धंदा अवजड वाहनांचं गॅरेज आणि टोइंग, राहणार मआन, वाळवंटी महामार्गालगत, हे मृत्युपत्र करून ठेवतो. नजर अधू झाली आहे आणि हात थरथरतो, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणील असं कोणी आता उरलेलंही नाही. मी सांगतो आहे आणि माझी मुलगी वदहा लिहिते आहे. ती शाळेत विज्ञान शिकवते. शब्द माझे, शुद्धलेखन तिचं. या आधी मी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

कलम एक. मला माझ्या बायकोशेजारी पुरावं. जनाज्यामागे टोइंगच्या गाड्यांची रांग लावून हॉर्न वाजवायची जी नवी पद्धत आमच्या धंद्यात आली आहे, ती माझ्या बाबतीत पाळू नये. शेजारचा गॅरेजवाला फौजान ऐकणार नाही, तरी त्याला सांगून बघावं.

कलम दोन. राहतं घर, गॅरेजची जागा आणि बँकेत जे काही असेल ते मुलगा मिशअल आणि मुलगी वदहा यांच्यात शरियतप्रमाणे वाटावं. त्यात मी माझं शहाणपण चालवत नाही. अंगणातलं डाळिंबाचं झाड मात्र तोडू नये. मिशअलला तिथे मोटार उभी करायची आहे, हे मला माहीत आहे. त्याने ती रस्त्यावर उभी करावी.

कलम तीन. हत्यारं. सगळे पाने, वेल्डिंगचं यंत्र आणि स्प्रिंगचे पाटे दाबायचा प्रेस मिशअलने विकला तरी चालेल. अकब्याच्या बंदरात कचेरीत बसणाऱ्याला त्याचा काय उपयोग. नट किती जोराने आवळला ते आकड्यात दाखवणारा लांब पाना वदहाला द्यावा. ती नऊ वर्षांची असताना तिने मला विचारलं होतं, "याबा, पुरेसं घट्ट झालं हे तुम्हाला कसं कळतं?" मी म्हणालो, हाताला कळतं. तिचं समाधान झालं नाही, म्हणून पुढे मी तो पाना घेतला. मिशअलची याला हरकत असेल तर त्याने आधी तो कसा धरतात ते दाखवावं. माझा वीस टनी जॅक फौजानकडे सात वर्षांपासून आहे. तो त्याचाच समजावा, आणि मी हे विसरलो नव्हतो एवढं त्याला कळवावं.

कलम चार. टोइंगची मोठी गाडी. ती मी माझ्या बायकोचा भाऊ मुफ्लिह बिन खलफ याला देतो. तो माझा वारस नाही, पण बाहेरच्या माणसाला मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत देता येतं आणि गाडी त्यात बसते. वकिलाला विचारून घेतलं आहे. मुफ्लिहने अठरा वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मेंढ्यांच्या चाऱ्याच्या दुकानात बसतो आणि घरी चालत जातो. अशा माणसाला सोळा टन वजनाची गाडी का देतो, याचं कारण लिहिल्याशिवाय हे कलम पुरं होत नाही.

गाडी लष्कराच्या लिलावातली. आम्ही दोघांनी मिळून आणली. मी खाली आणि तो वर, म्हणजे मी दुरुस्त करायचो आणि तो चालवायचा. रास-अन-नकबच्या घाटात त्याच्यासारखा चालवणारा नव्हता. घाट उतरण्याआधी तो गाडी थांबवायचा, खाली झोपून मागचा एकेक नट बघायचा, मगच निघायचा. लोक चिडवायचे की मुफ्लिह गाडीला नमाज शिकवतो आहे.

२००१ सालच्या आसपास फॉस्फेटचे ट्रक आणखी वजनाचे यायला लागले. आमची गाडी एखादा ट्रक उचलायची तेव्हा मागून इतकी बसायची की पुढची चाकं जेमतेम रस्त्याला टेकलेली असत. मागचे पाटे वाढवायचे ठरलं, नवाचे तेरा. पण पाटे कडक केले की वजन नाहीसं होत नाही, ते खाली एक्सलवर उतरतं. म्हणून एक्सलही बदलायला हवा होता, दहा टनांच्या जागी तेरा टनांचा. नवा मागवायचा तर तीन आठवडे. आणि मी फौजानच्या दारात, दहा माणसांसमोर, बोलून बसलो होतो की शुक्रवारच्या नमाजाआधी गाडी रस्त्यावर दिसेल. तो हसला होता. त्या हसण्यापायी मी जर्काच्या भंगारबाजारात गेलो आणि वापरलेला एक्सल घेऊन आलो.

एक्सलचं लोखंडी कवच मी राकेलने धुतलं, पुसून कोरडं केलं आणि वर खडू घासला. आमच्यात असंच बघतात. चीर असेल तर आत शिरलेलं राकेल परत बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. डावीकडे, बरोबर जिथे पाटे बसतात त्या जागी, बोटभर लांबीची रेघ उमटली.

मी ती बघितली. मला दिसलं नाही, लक्षात आलं नाही, असं काही नाही. त्या जागी वेल्डिंग करायचं नसतं, उष्णतेने शेजारचं लोखंड ठिसूळ होतं, हे मी इतरांना शिकवत आलो होतो. तरी चीर घासली, भरली, काळा रंग मारला आणि रंग वाळायच्या आत त्यावर तेरा पाटे चढवून बोल्ट आवळले. मग ती जागा कोणाला दिसणं शक्य नव्हतं.

मुफ्लिह संध्याकाळी आला. हवेत वास घेऊन म्हणाला, "वेल्डिंगचा वास येतोय. एक्सलला काही केलंस का?"

मी म्हणालो, "ब्रॅकेटला टाका मारला."

तो म्हणाला, "तू म्हणतोस तर झालं," आणि शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन फौजानच्या दारावरून दोनदा गेला, माझ्या मानासाठी.

इथे वदहाने पेन खाली ठेवलं होतं. मुफ्लिह तिचा मामा आहे, आणि तिला आजवर यातलं काही माहीत नव्हतं. मी तिला म्हणालो, लिही. तिने पेन उचललं.

अकराव्या दिवशी, दुपारी, मागे भरलेला ट्रक घेऊन मुफ्लिह घाट उतरत असताना एक्सलचं कवच डावीकडे तुटलं. चाक कलंडलं, गाडी आडवी गेली. वळणावर एक तरुण आपली पिकअप थांबवून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. सुवैलिम त्याचं नाव, कुवैरा गावचा, बावीस वर्षांचा, बापाचा एकुलता एक. तो जागीच गेला.

गाड्या उचलून आणायलाही मलाच बोलावलं. दुसरं होतं कोण. पोलिसांनी तुटलेला एक्सल माझ्याच गॅरेजात बघितला आणि मलाच विचारलं, कारण या रस्त्यावर अशा बाबतीत माझा शब्द हीच तपासणी असायची. तुटलेल्या जागी अर्धा भाग जुना, गंजलेला होता आणि अर्धा नवा, चमकणारा. चीर धडकेच्या आधीची आहे, हे कोणाही मेकॅनिकला त्यावरून वाचता आलं असतं. मी सांगितलं, "धडकेने तुटलाय." त्यांनी लिहून घेतलं.

उरलेलं मुफ्लिहने स्वतःच स्वतःवर घेतलं. तो सगळ्यांना सांगत सुटला, "मी तिसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. दुसऱ्यात उतरायला हवं होतं." अठरा वर्षं तो हेच सांगतो आहे. लग्नात, मयताला, चाऱ्याचं पोतं मोजताना. मी शेजारी बसलेला असतो आणि ऐकतो. गिअरने काहीही फरक पडला नसता.

मग आमच्या रिवाजाप्रमाणे माफी मागायला चाळीस माणसं कुवैऱ्याला गेली. बोलणारा वडीलधारा म्हणून त्यांनी मलाच पुढे बसवलं. अबू सुवैलिमने, म्हणजे मुलाच्या बापाने, स्वतः कॉफी ओतून पेला माझ्या हातात दिला. मी तो न पिता जमिनीवर ठेवला आणि म्हणालो, आमचं मागणं मान्य होईपर्यंत ही कॉफी आम्ही पिणार नाही. मुफ्लिहच्या वतीने, मुफ्लिहच्या चुकीची माफी मी मागितली. म्हाताऱ्याने त्या पेल्याकडे बघितलं. मग म्हणाला, "प्या तुमची कॉफी. आम्ही त्याला माफ केलं."

मी ती प्यायलो. मुफ्लिह माझ्या मागे मान खाली घालून रडत होता, आणि मी पेला रिकामा करून परत दिला. आयुष्यात मी पुष्कळ वाईट वागलो आहे, पण त्या घोटाइतकं वाईट काही केलेलं नाही.

गाडी मी पुन्हा बांधली. या खेपेला कारखान्यातून नवा एक्सल आला, बोल्ट नवे, बुश नवे, शॉकअप नवे, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट त्या आकड्याच्या पान्याने पुन्हा आवळले. त्यानंतर भाड्याच्या चालकांनी याच गाडीने शेकडो ट्रक घाटातून सुखरूप खाली आणले. नीट कसं करायचं ते मला येत होतं, एवढंच त्यातून सिद्ध झालं. तुटलेल्या कवचाचा तुकडा मी फेकला नाही. तो गॅरेजात प्रेसमागे पोत्यात गुंडाळलेला आहे. चीर आणि माझं वेल्डिंग, दोन्ही त्यावर दिसतात. तो गाडीबरोबर मुफ्लिहला द्यावा.

कलम पाच. माझ्या मृत्यूनंतर चाळीस दिवसांच्या आत हे मृत्युपत्र मुफ्लिहच्या बैठकीत, अबू सुवैलिमला बोलावून, मोठ्याने वाचून दाखवावं. मुफ्लिहची चूक नव्हती, हे सगळ्या मआनने ऐकावं. पोलिसांतही एक प्रत द्यावी.

इथपर्यंत मंगळवारी झालं. सही करायला मी पेन मागितलं, तर वदहा देईना. ती क्वचितच माझ्यावर आवाज चढवते. तेव्हाही चढवला नाही.

"याबा, हे वाचतील तेव्हा तुम्ही कबरीत असाल," ती म्हणाली. "मामा कॉफी ओतेल ती कोणासाठी? पेला खाली कोण ठेवणार?"

मी म्हणालो, माझी हिंमत होत नाही.

"अठरा वर्षं तो चालत घरी जातोय," ती म्हणाली, आणि कागद माझ्यासमोर ठेवून आत निघून गेली. तिचं बरोबर होतं. मी माझी लाज मेल्यावर वाटून द्यायला निघालो होतो, कारण तेव्हा ती मला लागणार नव्हती. दोन दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. मग तिला हाक मारून पुढचं लिहायला बसवलं.

कलम सहा, जे पाचव्याच्या जागी धरावं. मी जिवंत असतानाच, आज गुरुवारी, दुपार उतरल्यावर असरच्या नमाजानंतर, हा कागद घेऊन मुफ्लिहच्या घरी जातो आहे. बरोबर चाळीस माणसं नाहीत. वदहा मला सोडायला येईल आणि दाराबाहेर थांबेल. रोटीच्या भट्टीवाला उकाब साक्षीला येतो आहे. त्याला काय चाललं आहे ते सांगितलेलं नाही. मुफ्लिह कॉफी देईल. मी पेला खाली ठेवीन आणि त्याच्या हातात हा कागद देईन. तो काय करील ते मला माहीत नाही. त्याने मला घराबाहेर काढलं, तरी वरची सगळी कलमं कायम राहतील, गाडीसुद्धा.

हे सगळं मी ऐकून, समजून, खरं म्हणून सही करतो.

सत्ताम बिन उवैद
मआन, १४ नोव्हेंबर २०१९

साक्षीदार पहिला: उकाब बिन नहार, रोटीची भट्टी, मआन. सत्तामने माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर होता, रडत होता.

साक्षीदार दुसरा: मुफ्लिह बिन खलफ, मआन. मी हे दोनदा वाचलं. ज्याला गाडी मिळते त्याला साक्ष देता येत नाही असं उकाब म्हणतो, म्हणून कलम चारमधली माझ्या नावाची ओळ मी खोडली आहे. मला गाडी नको, साक्ष द्यायची आहे. कॉफी पी असं मी त्याला म्हटलेलं नाही, आणि आज म्हणणारही नाही. आधी कुवैऱ्याला अबू सुवैलिमकडे जायचं, तिथे त्याने पेला पुन्हा खाली ठेवायचा, या वेळी स्वतःच्या नावाने. पोत्यातला तुकडा टोइंगच्या गाडीत ठेवला आहे. मागचे नट खाली झोपून बघितले, सगळे घट्ट आहेत. सत्ताम शेजारी बसेल. गाडी मी चालवतो.