आवाज घेणारा कॅमेरा

एकोडी, २ ऑक्टोबर २००९

पाकिटावर नाव आबाजीचं, आत 'आबाजी, तुम्हीच सांगा', आणि माझ्या वाट्याले शेवटी 'आजीला नमस्कार'. लहानपणापासून तुले रांधून घातलं मी, अन्‌ सल्ला विचारायचा त्याले! चार महिन्यांनी पत्र आलं, तेही कॅमेऱ्यापायी.

प्रिय तृप्ती, जय भीम. हलकं धान कापणीले आलं आहे, माझे गुडघे जागेवर आहेत. तू निवडायले पाठवलेले तिन्ही व्हिडिओ कॅमेऱ्यांचे माहितीचे कागद मिळाले. बुढ्यानं, तुझ्या आबाजीनं, दोन दिवस भिंग धरून वाचले. जवाहरनगरच्या फॅक्टरीत तीस वर्षं मशीनवर काढली, म्हणून त्याले वाटते सगळ्या जगानं त्यालेच विचारून यंत्रं बनवावी. पण उत्तर मी लिहून राहिली. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नको.

त्याचं म्हणणं असं, की कॅसेटवाला घेऊ नको, कॅसेटले बुरशी लागते. तबकडीवाला अर्ध्या तासात भरते. कार्डवाला स्वस्त आहे अन्‌ आत फिरणारं काहीच नाही, म्हणजे बिघडायलेही कमी. दूरचं जवळ दाखवायचे दोन आकडे लिहिले असतात. लहान आकडा खरा, मोठा गिऱ्हाइकाले भुलवायले. एक बॅटरी जास्तीची घे.

आता माझं ऐक, तेच मुख्य आहे. आवाज पाहा. दुकानातच कॅमेरा चालू करायले लाव, दुकानदाराले बोलायले सांग, मग ऐक. वेगळा माईक लावायले भोक असते म्हणे. कार्डवाल्याले ते आहे, बुढ्यानं चित्रात दाखवलं. चेहरा थोडा धूसर निघाला तरी चालते, आवाज गेलेला चालत नाही.

काहून म्हणते, तर तुझ्या मायच्या लग्नाची कॅसेट आठव. मंडपात भावनानं प्रतिज्ञा घेतली ती अशी खणखणीत, की मागच्या रांगेतल्या देवकाबाईनं गप्पा सोडून मान वर केली. नवरीनं एवढ्या मोठ्यानं बोलू नये, असं मी तिथंच पुटपुटली. महिन्यानं कॅसेट आली तर व्हिडिओवाल्यानं सगळ्यावर सिनेमाची गाणी चिकटवलेली. तिचं तोंड हलते अन्‌ वाजते गाणं. आम्हीही शहाणे! गाणी मस्त टाकली म्हणून त्याले चहा पाजला. तू अडीच वर्षांची असताना ती तापानं गेली, अन्‌ मागे राहिली ती तेवढी कॅसेट.

सात वर्षांची असताना तू टीव्हीच्या डब्ब्याले कान लावून बसायची. माय कशी बोलायची म्हणून मले विचारायची. मले कोणाची नक्कल जमत नाही. मी तुले वाल सोलायले बसवायची. बुढ्याले नक्कल जमायची. क्वार्टरच्या अंगणातून तो 'तृप्तेऽ, पाय धू आधी' असा हेल काढायचा, अन्‌ तू खरंच नळावर पळायची. मी त्याले बहुरूपी म्हणून हिणवायची. पण तो हेल हुबेहूब भावनाचा होता. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातची परात पडली होती. हे मी त्याले आजपर्यंत सांगितलं नाही, तूही सांगू नको, चढून जाईल.

तीन महिन्यांपासून त्याचा घसा घोगरा आहे. जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला, मी बोलली की पोरगी ऐकते म्हणून मलेच गप्प करायचा. नागपूरच्या डॉक्टरनं तपासलं, कॅन्सर निघाला. वीस तारखेले ऑपरेशन आहे, स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल म्हणते, बोलणं नाही. तुझी गोव्याची सहल पंधरा तारखेची. पोरीची नोकरीतली पहिली सुट्टी आहे, जाऊन येऊ दे, मग सांगू, असं त्यानं बजावलं. तुझ्या बापानं, संघपालनं, मान डोलावली. मी डोलावली नाही. गोवा कुठं पळून जात नाही. कॅमेरा घे अन्‌ आधी इथं ये. बुढ्याले समोर बसव अन्‌ बोलू दे. फॅक्टरीतल्या बढाया मारेल, मले नावं ठेवेल, सगळं घे. अन्‌ मायचा हेल काढायले सांग. मी म्हटलं तर लाजते, तुले नाही म्हणणार नाही.

तुझीच आजी,
पंचफुला

उत्तर तुझ्याच तोंडून पाहिजे, फोनवर. संघपालनं केला तर मी ठेवून देईन.